उत्खननाची माहिती संगणकात कशी ठेवावी, कशी वाटावी: नागपूर परिसरातले नेहमीचे प्रश्न

नागपूरच्या भोवती ५० किलोमीटरच्या टापूत जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा, मनसर, नगरधन, अडम अशी स्थळे आहेत. लोहयुगातल्या शिलावर्तुळांपासून (दफनांभोवती रचलेल्या मोठ्या दगडांच्या वर्तुळांपासून) वाकाटकांच्या राजधानीपर्यंतचा काळ एवढ्याशा भागात भेटतो. या स्थळांवर काम करणारे विद्यार्थी, गावातले शिक्षक, हौशी अभ्यासक आणि ज्यांच्या शेतात असे दगड उभे आहेत ते शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

वही आहे, रजिस्टर आहे, शेवटी अहवालही निघतो. मग संगणक कशाला?

वही सोडायची नाहीच. पण उत्खनन म्हणजे स्थळ हळूहळू नाहीसे करत जाणे, हे लक्षात घ्या. काढलेला थर परत रचता येत नाही. मागे उरतात त्या वस्तू आणि त्यांच्या नोंदी. अहवालात उत्खननकर्त्याने त्या वेळी महत्त्वाचे मानलेलेच येते. उत्तम मणी फोटोत दिसतात, उरलेले 'इतर' या शब्दात जातात. 'इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू' हे वार्षिक १९५३-५४ पासूनच्या कामांची दखल घेत आले आहे. पण त्यात एका हंगामाच्या वाट्याला बहुधा काही परिच्छेदच येतात.

जुनापाणीचेच बघा. काटोल रोडवरच्या या शिलावर्तुळांविषयी रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ मध्ये लिहिले. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले. आज तिथे उभे राहून एखाद्या वर्तुळाकडे बोट दाखवले आणि 'हे कोणी, कधी उघडले, त्यात काय निघाले?' असे विचारले, तर उत्तर मिळायला जुना नकाशा, वही आणि वस्तूंची यादी एकमेकांशी जुळवावी लागते. हे तिन्ही एका क्रमांकाने बांधलेले असतील तर उत्तर मिनिटभरात निघते. बांधलेले नसतील तर एखाद्याचे अख्खे संशोधन त्यातच खर्ची पडते.

सगळ्यात आधी काय ठरवायचे? कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे?

आधी क्रमांक ठरवायचे, सॉफ्टवेअर नंतर बघायचे.

सापडलेली प्रत्येक गोष्ट शेवटी पिशवीत जाते आणि पिशवीला टॅग लागतो. त्या टॅगवरचा क्रमांक वहीत, रजिस्टरात, फोटोच्या यादीत, नकाशावर आणि संगणकात तोच असला पाहिजे. उन्हात, घाईत, संध्याकाळी मजूर घरी निघालेले असताना लिहिलेला हा टॅग मला कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो. टॅग चुकला तर पुढचा कुठलाही संगणक ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

प्रत्येक थराला, भिंतीला, चुलीला, खड्ड्याला (अशा प्रत्येक घटकाला 'संदर्भ' म्हणतात) स्वतंत्र संदर्भ क्रमांक द्या. खड्डा आणि त्यातला भराव यांचे क्रमांक वेगळे हवेत, कारण खड्डा खणणे ही एक घटना आणि तो भरला जाणे ही दुसरी. या दोन घटनांमध्ये शंभर वर्षांचेही अंतर असू शकते. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कशाला द्यायचा नाही. नोंद रद्द झाली तर 'रद्द' असे लिहून कारण द्या, ओळ पुसू नका.

क्रमांकात अर्थ कोंबायचा मोह अनेकांना होतो: ट्रेंच (खोदलेला चर), थर, वस्तूचा प्रकार, वर्ष, सगळे एकाच सांकेतिक नावात. दोन दिवसांनी कळते की तिसरा समजलेला थर प्रत्यक्षात चौथा आहे, आणि टॅगवरचे नाव खोटे ठरते. म्हणून साधा अनुक्रमांक ठेवा आणि ट्रेंच, थर, प्रकार हे आपापल्या स्तंभांत लिहा.

माहिती एकाच भल्यामोठ्या तक्त्यात भरू नका. संदर्भांचा एक तक्ता, पुरावस्तूंचा दुसरा, खापरांचा तिसरा, मग नमुने, फोटो, रेखाटने आणि मोजणीचे बिंदू यांचे वेगवेगळे. संदर्भ क्रमांक हा सगळ्यांना जोडणारा धागा. समजा, माहुरझरीसारख्या मण्यांसाठी प्रसिद्ध स्थळावर कार्नेलियन या लालसर दगडाचा अर्धवट भोक पाडलेला मणी मिळाला. तक्ते जोडलेले असतील तर पुढे कोणीही विचारू शकते: अर्धवट मणी आणि दगडाच्या छिलक्या ज्या संदर्भांत एकत्र मिळाल्या, ते संदर्भ नकाशावर कुठे येतात? ते एका कोपऱ्यात गोळा झालेले दिसले, तर तिथे मणी घडवण्याचे काम चालत असावे, असा तर्क करता येतो. खोदताना हा प्रश्न कोणाच्या मनात नसेलही. दहा वर्षांनी दुसऱ्याला तो सुचावा आणि उत्तर आपल्या नोंदीत तयार असावे, ही माझ्या मते चांगल्या नोंदीची कसोटी आहे.

एक्सेल पुरेसे नाही का?

छोट्या कामाला पुरते, पण त्याच्या खोडी माहीत असाव्यात. थराच्या रकान्यात '३-४' असे इंग्रजी अंकांत टाइप केले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. त्यामुळे असे रकाने आधीच 'मजकूर' प्रकारचे करून घ्या. रंगांना अर्थ देऊ नका. 'पिवळे म्हणजे संशयास्पद' हे फाइल बदलली की हरवते, त्यासाठी वेगळा स्तंभ करा. दोन रकाने एकत्र जोडू नका. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक ठेवा: 'मोजले, एकही नाही' आणि 'मोजलेच नाही' या वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे कोणी सरासरी काढायला बसले की हा फरक पूर्ण निष्कर्ष उलटवू शकतो. एकक स्तंभाच्या नावातच लिहा: 'खोली_सेंमी'.

नोंदी हजारांच्या पुढे गेल्या किंवा दोघे-तिघे एकाच वेळी भरू लागले की डेटाबेसकडे वळा. एसक्यूलाइटमध्ये सगळा डेटाबेस एकाच फाइलीत राहतो, सर्व्हर लागत नाही. मोठ्या चमूसाठी पोस्टग्रेएसक्यूएल. तक्ते जोडताना तशी तपासणी चालू केली, तर अस्तित्वात नसलेला संदर्भ क्रमांक टाकला की डेटाबेस तो घेतच नाही, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही तो वापरावा.

'हॅरिस मॅट्रिक्स' म्हणजे काय? आमच्याकडे तर थरांना वरून खाली १, २, ३ असे आकडे देतात.

आपल्याकडची पद्धत मॉर्टिमर व्हीलर यांच्या शिकवणीतून आली. ते १९४४ ते १९४८ पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. चौकोनी ट्रेंच, मध्ये न खोदलेला बांध, उभ्या छेदात दिसणारे थर आणि त्यांना आकडे. ही पद्धत आजही उपयोगी आहे. पण खड्डे, भिंती, दुरुस्त्या, चोरट्यांनी केलेली खणाखण हे सगळे एका सरळ आकड्यांच्या ओळीत मावत नाही.

एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये विंचेस्टरच्या उत्खननाच्या नोंदींवर काम करताना एक आकृती बसवली. प्रत्येक संदर्भ एका चौकटीत. जो नंतरचा तो वर, जो आधीचा तो खाली, मध्ये रेघ. फक्त तीन गोष्टी विचारायच्या: हा त्याच्या वर आहे, खाली आहे, की दोघांचा थेट संबंध नाही?

समजा, एका शिलावर्तुळात आधी अस्थी आणि भांडी ठेवली, वर माती-मुरमाचा भराव टाकला, भोवती मोठे दगड लावले आणि फार नंतर कोणीतरी गुप्तधनासाठी मधोमध खणले. त्या शेवटच्या खड्ड्याच्या भरावात मिळालेली लोखंडी सुरी कुठल्या काळाची धरायची? मॅट्रिक्स समोर असेल तर हा प्रश्न डोळ्यांआड होत नाही.

संगणकाचे काम इथे फार मोलाचे आहे. '१२ हा १५ च्या वर, १५ हा १९ च्या वर, १९ हा १२ च्या वर' असे नोंदले गेले असेल तर ते अशक्य आहे. दोनशे संदर्भांत माणसाला हे चक्र दिसत नाही, प्रोग्रामला ताबडतोब दिसते. ही तपासणी रोज संध्याकाळी करा. छेद समोर आहे तोवरच चूक सापडली तर जाऊन बघता येते. जूनमध्ये पाऊस आला आणि ट्रेंच बुजवला की संधी गेली.

विदर्भाच्या काळ्या मातीमुळे नोंदीत काही वेगळे करावे लागते का?

हो, आणि बाहेरून आलेल्या तयार फॉर्ममध्ये हे बहुतेक वेळा नसते.

काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. भेगा मीटरभर खोल जाऊ शकतात. बारीक मणी, नाण्याचा तुकडा, छोटी छिलकी त्यातून खाली घसरते आणि खालच्या, जुन्या थरात 'सापडते'. म्हणून पुरावस्तूच्या तक्त्यात 'कशी सापडली' हा स्तंभ सक्तीचा ठेवा. त्याचे पर्याय ठरावीक हवेत: जागेवरच, चाळणीत, भेगेत, छेद साफ करताना, पृष्ठभागावर. शेजारी 'थराबद्दलची खात्री' असा दुसरा स्तंभ: पक्की, मध्यम, शंकास्पद. पुढे कालक्रम मांडताना शंकास्पद नोंदी बाजूला काढून निष्कर्ष टिकतो का, हे बघता येते.

चाळणीच्या जाळीचे माप आणि किती माती चाळली हेही लिहा. एका ट्रेंचमध्ये सगळी माती चाळली आणि दुसऱ्यात नाही, तर मण्यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

मोबाइलच्या जीपीएसने जागा नोंदवली तर चालेल?

स्थळ शोधायला चालेल, मण्याची जागा सांगायला चालणार नाही. मोकळ्या आभाळाखालीही मोबाइल काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. ट्रेंचच्या आत टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे सर्वेक्षणाचे यंत्र) हवे. ते नसेल तर खुंटीपासून टेप आणि लेव्हल लावून घेतलेली मापे उत्तम.

कुठल्या निर्देशांक पद्धतीत मोजले, हे लिहायला विसरू नका. नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास आहे, म्हणजे यूटीएमच्या (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीच्या) ४४ उत्तर या पट्ट्यात. अमरावती शहर ४३ मध्ये येते. दोन्हीकडची माहिती पट्टा न बघता एकत्र केली की स्थळे शेकडो किलोमीटर सरकतात. उंचीचेही तसेच: उपग्रहावरून मिळणारी उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्याकडे कित्येक मीटरांचा फरक पडतो. कोणती घेतली ते लिहा. स्थळाजवळच्या न हलणाऱ्या बांधकामावर किमान तीन कायमच्या खुणा करून त्यांचे फोटो ठेवा. पुढच्या हंगामात खुंट्या जागेवर सापडतीलच असे नाही.

त्रिमितीय मॉडेल केले की रेखाटन करायची गरज उरत नाही ना?

उरते. एकमेकांवर ६० ते ८० टक्के येतील असे फोटो काढून केलेले मॉडेल फार छान मापे देते. दगडांच्या वर्तुळासाठी तर ते वरदानच आहे, कारण प्रत्येक दगड हाताने रेखाटायला दिवस जातात. पण छेदाचे रेखाटन करताना माणूस माती खरवडतो, बोटांनी चोळून बघतो, 'इथे थर संपला' असा निर्णय घेतो. हा निर्णय कॅमेरा घेत नाही. म्हणून मॉडेल करा, त्याची प्रिंट काढा, ट्रेंचमध्ये जाऊन त्या प्रिंटवर थरांच्या रेषा हाताने मारा.

फोटो ऊन चढायच्या आत, सावल्या सौम्य असताना काढा. चौकटीत मोजपट्टी आणि नियंत्रणबिंदू (नेमकी जागा मोजलेल्या खुणा) हवेत. मूळ फोटो कधीही काढून टाकू नका. ड्रोन वापरायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम पाहा आणि डिजिटल स्काय नकाशावर आपला भाग तपासा, कारण नागपूरचा विमानतळ जवळ आहे. संरक्षित स्मारक असेल तर वेगळी परवानगी लागते.

नोंदी मराठीत ठेवाव्यात का?

जरूर ठेवाव्यात. ट्रेंचमध्ये काम करणारा ज्या भाषेत विचार करतो, त्याच भाषेत निरीक्षण नेमके उतरते. 'भुसभुशीत', 'चिकण', 'खरबरीत', 'राखाडी' ही वर्णने मराठीतच पटकन येतात. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

एक, युनिकोड. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे असतात. शोध लागत नाही. अशा जुन्या फाइली आताच बदलून घ्या.

दोन, युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होते. 'ॲगेट' (अकीक) मधला 'ॲ' एकाने सलग अक्षर म्हणून टाइप केला आणि दुसऱ्याने 'अ' वर चंद्र देऊन, तर डोळ्यांना शब्द सारखा दिसतो आणि शोधात अर्ध्याच नोंदी येतात. उपाय सोपा: पदार्थ, रंग, खापरांचे प्रकार हे टाइप करू न देता यादीतून निवडायला लावा. स्थळनावांचीही यादी करा. पवनी आणि पौनी, माहुरझरी आणि महूरझरी ही रूपे एकाच ओळीत पर्यायी नावे म्हणून जोडा.

तीन, आकडेमोडीच्या स्तंभांत इंग्रजी अंक वापरा. देवनागरी अंकांना बरीच सॉफ्टवेअरे मजकूर समजतात आणि बेरीज करत नाहीत.

कार्बन तारखा कशा नोंदवायच्या?

'इ. स. पूर्व ७००' एवढेच लिहून थांबू नका. प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक, १९५० पासून मागे मोजलेले मूळ वय, त्यातली कमी-अधिक त्रुटी, नमुना कशाचा होता आणि कोणत्या संदर्भातला होता, हे सगळे द्या. कॅलिब्रेशनचा वक्र (कार्बन वयाचे खऱ्या वर्षांत रूपांतर करणारा आलेख) कोणता वापरला तेही द्या. आज इंटकॅल-२० आहे, उद्या नवा येईल, तेव्हा मूळ आकडे असतील तरच तारीख पुन्हा काढता येईल.

माहिती खुली केली तर दुसरा कोणी आमच्या आधी छापणार नाही का?

ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. उन्हातान्हात काम एकाने करावे आणि नाव दुसऱ्याचे व्हावे, हे कोणालाही सहन होणार नाही. पण त्यावर मार्ग आहेत. झेनोडो या सर्न संस्थेच्या भांडारात (२०१३ पासून) माहिती ठेवून ती ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवता येते. तिला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो आणि वापरणाऱ्याला तुमचे नाव उद्धृत करावे लागते. पुरातत्त्वासाठीच असलेली भांडारेही आहेत: ब्रिटनमधले यॉर्कचे आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस, अमेरिकेतली टीडार आणि ओपन कॉन्टेक्स्ट. तुर्कस्तानातल्या चातालहुयुकच्या प्रकल्पाने तर काम चालू असतानाच नोंदी लोकांसमोर ठेवल्या.

आपल्याकडे उत्खननाचा परवाना आणि वस्तूंचा ताबा कायद्याने ठरलेला असतो. त्यामुळे उत्खनन-संचालक आणि परवाना देणारी संस्था यांची लेखी संमती घेतल्याशिवाय काहीही जाहीर करू नका. ही संमती काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी, कोण, कधी, काय खुले करणार ते लिहून. हंगाम संपल्यावर हा विषय काढला की तो वर्षानुवर्षे पडून राहतो.

माझे स्पष्ट मत सांगतो: निष्कर्ष राखून ठेवायचे तर ठेवा, पण संदर्भांची यादी आणि वस्तूंची यादी लवकर खुली करा. नगरधनला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, ती बातमी सगळ्यांनी वाचली. अभ्यासकाला त्यापुढे हवे असते ते हे, की ती कोणत्या थरात होती आणि तिच्यासोबत त्याच थरात आणखी काय होते. तेवढे कळले की मनसर, रामटेक आणि इतर वाकाटक स्थळांशी तुलना सुरू होते.

मग स्थळांचे अचूक अक्षांश-रेखांशही खुले करायचे?

नाही. विदर्भात गुप्तधनाच्या नादाने शिलावर्तुळे उकरली जातात, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. संरक्षित आणि प्रसिद्ध स्थळांची जागा सर्वांना माहीत असतेच. असंरक्षित स्थळासाठी खुल्या प्रतीत फक्त तालुका द्या किंवा बिंदू किलोमीटरभर धूसर करा. तो धूसर केला आहे असे लिहूनच द्या, नाहीतर कोणीतरी त्यालाच खरा बिंदू धरेल. अचूक जागा संस्थेकडच्या बंद प्रतीत ठेवा.

जपून कशी ठेवायची? आमच्याकडे हार्ड डिस्क आहे.

एक डिस्क म्हणजे एकही प्रत नाही असे धरा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. पत्र्याच्या गोदामात नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) काढलेली डिस्क पुढच्या वर्षी सुरू होईलच असे नाही. तक्ते सीएसव्हीमध्ये, फोटो टिफमध्ये, अहवाल पीडीएफ-ए मध्ये, नकाशे जिओपॅकेजमध्ये ठेवा. हे प्रकार कोणा एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नाहीत. प्रत्येक फाइलीचा चेकसम (तिच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून ठेवला की वर्षाने प्रत बिघडली का ते तपासता येते. आणि एक साधी मजकूर-फाइल: कोणत्या स्तंभाचा अर्थ काय, कोणती संक्षिप्त रूपे वापरली, काय अपूर्ण राहिले. ती नसेल तर बाकीचे सगळे असूनही परक्या माणसाला काही उमजत नाही.

एआय खापरे ओळखून देईल का?

नीट वर्गीकरण केलेले हजारो फोटो असतील तर काही प्रमाणात मदत करेल. उपग्रहचित्रांतून शिलावर्तुळे हुडकण्याचेही प्रयत्न करण्यासारखे आहेत, पण शेताच्या कडेला रचलेले दगडही वरून गोलच दिसतात. प्रत्यक्ष जाऊन बघणे टळत नाही.

खर्च किती येतो?

सॉफ्टवेअरला काहीच नाही. नकाशांसाठी क्यूजीआयएस, मोबाइलवर चालणारे क्यूफील्ड, लिब्रेऑफिस आणि एसक्यूलाइट मोफत आहेत. खर्च होतो तो वेळेचा. रोज संध्याकाळी नोंदी भरायला आणि तपासायला एक माणूस मोकळा ठेवा. एप्रिलमध्ये टॅबलेट दुपारी तापून बंद पडतो, म्हणून कागदी फॉर्म हाताशी असू द्या आणि त्याच रात्री ते संगणकात चढवा.

आजोबांच्या काळातल्या उत्खननाच्या डायऱ्या घरी आहेत. त्यांचे काय करू?

वाळवी लागण्याआधी स्कॅन करा. मजकूर किमान ३०० डीपीआयला, रेखाटने ६००ला. कोरी पानेही स्कॅन करा, म्हणजे पाने गहाळ नाहीत हे कळते. टाइप करताना मूळ शब्द जसाच्या तसा एका स्तंभात आणि तुमचा अर्थ दुसऱ्या स्तंभात लिहा. फुटांतली मापे मीटरमध्ये केली तरी मूळ फूट तसेच ठेवा. मग ज्या विद्यापीठाने किंवा विभागाने ते उत्खनन केले, त्यांना कळवा.

माझ्या शेतात दगडांचे वर्तुळ आहे. मी मोबाइलवर नोंद केली तर चालेल?

चालेल, आणि तिचा उपयोग होईल. दगड हलवू नका, खणू नका. चारी दिशांनी फोटो काढा, एका फोटोत काठी किंवा फावडे ठेवा म्हणजे आकार कळेल. वर्तुळाचा व्यास पावलांनी मोजा, गट क्रमांक आणि तारीख लिहा. नांगरताना खापर, मणी किंवा लोखंड वर आले असेल तर कुठे आले ते सांगा. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू मिळाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. नोंदीची एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि फोटो जागेच्या खुणेसह व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.